चेहऱ्याला मुदत देताना

गेल्या काही वर्षांत माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या तरुण मुलामुलींच्या तोंडून एकच तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू येते: "नवी क्रीम सुरू केली की चेहरा आणखी बिघडतो, म्हणून सोडून देते, सोडली की अपराधी वाटते आणि मग दुसरी आणते." त्वचेवर इलाज करणे हे त्वचारोगतज्ज्ञाचे काम असून मी त्यात ढवळाढवळ करत नाही, परंतु डॉक्टरांनी आखून दिलेली साधी योजना दोन आठवड्यांच्या आत का मोडते, हा प्रश्न मात्र नक्कीच मनाच्या प्रांतातला आहे. त्याचे उत्तर ज्या अनुभवातून मला सर्वांत स्पष्ट दिसले, तो संबंधित तरुणीच्या संमतीने, तिची ओळख पटणार नाही अशा बेताने येथे मांडते.

गोव्यातील फोंडा तालुक्यात राहणारी ही पंचविशीतली तरुणी वेर्णा औद्योगिक वसाहतीतील एका औषध कंपनीच्या गुणवत्ता विभागात काम करते. हनुवटीवरील मुरुमांसाठी तिला सौम्य फेसवॉश, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन आणि रात्री लावण्यासाठी ०.१ टक्के अडापालीनचे जेल एवढेच लिहून दिले होते, आणि जेलचा वापर हळूहळू वाढवायला सांगितले होते. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आठवड्यावर आली होती, म्हणून तिने मोबाइलवर पाहिलेले व्हिटॅमिन सीचे सीरम आणि सॅलिसिलिक आम्लाचे टोनर आपणच त्यात मिळवले आणि सारे एकाच रात्री सुरू केले. पाचव्या दिवशी गालांची साल निघू लागली. गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधताना मावशीने सर्वांदेखत विचारले, "तोंडार कितें गो जालां?" त्या रात्री सगळ्या बाटल्या कपाटात गेल्या.

पहिल्या भेटीत मी तिला विचारले, "या जेलकडून तुझी नेमकी अपेक्षा काय होती?"

"चवथीपर्यंत चेहरा स्वच्छ व्हायलाच हवा होता, मॅडम. लोकांनी तसे पाहिलेले मला सहनच होत नाही."

चेहरा नितळ असावा ही इच्छा अगदी रास्त आहे. मात्र तो अमुक तारखेपर्यंत तसा झालाच पाहिजे, अन्यथा जगणे असह्य, हा हुकूम आहे आणि त्वचा हुकूम मानत नाही. परिस्थितीपेक्षा, तिला आपण घातलेली अट माणसाला अधिक छळते, असे मी मानते आणि माझे बहुतेक काम याच धारणेवर उभे आहे. तिला हे कळले, पण वळले नाही. मोबाइलचा टॉर्च लावून दिवसातून अनेकदा आरशात पाहणे चालूच राहिले.

पुढे एका भेटीत मी चेहऱ्याचा विषय बाजूला ठेवून तिच्या कामाची चौकशी केली. गोळ्या ४० अंश सेल्सिअस तापमानात आणि ७५ टक्के आर्द्रतेत एका बंद कपाटात सहा महिने ठेवून त्या कितपत टिकतात हे तपासणे, हे तिचे काम होते.

"मग रोज दार उघडून पाहता?"

"छे! ठरलेल्या तारखेलाच नमुना काढायचा."

"आणि निकाल बिघडला तर?"

"कारण शोधायचे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशामुळे काय झाले ते समजतच नाही." एवढे बोलून ती थबकली, आणि मग स्वतःशीच हसत म्हणाली, "म्हणजे गोळीला मी सहा महिने देते आणि माझ्या तोंडाला पाच दिवस!"

हेच वाक्य मी तिला आधीही ऐकवू शकले असते. पण समुपदेशकाच्या तोंडचे शहाणपण घरी पोहोचेपर्यंत विसरले जाते, म्हणून ते तिच्याच तोंडून येईपर्यंत मी थांबले, आणि त्या थांबण्याचे मला आजही समाधान आहे. माझ्याही एक गोष्ट लक्षात आली: तिचे खरे नुकसान जेलपेक्षा आरसा करत होता, कारण प्रत्येक पाहणे ही परीक्षा होती आणि प्रत्येक परीक्षेनंतर तिला काहीतरी निर्णय घ्यावासा वाटत होता. म्हणून आम्ही आधी पाहण्याच्या तारखा ठरवल्या. दर पंधरा दिवसांनी, त्याच खिडकीशी, त्याच वेळी एक छायाचित्र काढायचे. मधल्या काळात टॉर्च बंद.

डॉक्टरांच्या सल्ल्याने जळजळ पूर्ण थांबेपर्यंत फक्त फेसवॉश, मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन चालू ठेवले. त्यानंतर दर तिसऱ्या रात्री, दात घासून झाल्यावर, कोरड्या चेहऱ्यावर वाटाण्याएवढे जेल, आणि त्वचेने ते सोसल्यावर एक दिवसाआड. एखादी रात्र चुकली तर दुसऱ्या दिवशी दुप्पट लावायचे नाही, हेही आधीच ठरवून घेतले. त्वचेचा वरचा थर नवा व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात आणि अशा जेलचा परिणाम दिसायला आठ ते बारा. सुरुवातीला मुरूम वाढल्यासारखे वाटणे, थोडी कोरड येणे हे अपेक्षितच असते. हे ज्याला आधी ठाऊक असते, तो मधेच घाबरून सोडत नाही. आपल्याकडील दमट हवेत चिकचिक होते म्हणून मॉइश्चरायझर टाळणारे पुष्कळ आहेत. त्यांनी हलके, जेलसारखे निवडावे, पण टाळू नये. पावसाळी ढगांमुळे सनस्क्रीनला सुट्टी मिळत नाही. कोणताही नवा पदार्थ आधी काही दिवस कोपराच्या आतल्या बाजूस लावून पाहावा.

मावशीसाठीही तिने उत्तर तयार ठेवले: "वखद चालू आसा, वेळ लागतलो" (औषध चालू आहे, वेळ लागेल). नाताळपर्यंत हनुवटी बरीच निवळली. पाळीच्या आधी एकदोन मुरूम अजूनही येतात आणि ती कामावर जाते.

सूज, तीव्र आग किंवा पाणी सुटणे ही मात्र धीर धरण्याची लक्षणे नव्हेत. तेथे वापर थांबवून डॉक्टरांना दाखवावे. गरोदरपणी किंवा तसा विचार असल्यास हे जेल वापरू नये. गोरेपणासाठी कोणी सुचवलेली स्टेरॉइडयुक्त क्रीम तर चिठ्ठीशिवाय कधीच लावू नये. आणि दिवसाचे तास आरशापुढे जात असतील, चेहऱ्यामुळे घराबाहेर पडणे थांबले असेल, तर क्रीम बदलून उपयोग नाही; त्वचेसाठी गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे इस्पितळ (गोमेकॉ) आणि मनासाठी मनोरुग्णालय, दोन्ही बांबोळीलाच आहेत.