गावचा दावा गैरहजेरीत गेला: आधी ३० दिवसांचं बघा

देवगडच्या कलमबागेत शेजाऱ्याने गडगा (दगडी कुंपण) सरकवला म्हणून २०१९ मध्ये लावलेला दावा, तुमच्या बाजूने कोणी हजर नसल्याने, मार्चमध्येच गैरहजेरीत काढून टाकला गेला आणि तुम्हाला ते गणपतीला गावी गेल्यावर कळलं. वकील फोनवर ‘तारीख पडली’ एवढंच सांगत होते. मुंबईतून गावचे दावे चालवणाऱ्यांची अशी पत्रं सतत येतात. तुम्ही विचारता, वकिलावर कारवाई कशी करू? ती थांबू शकते, दावा थांबणार नाही.

आधी रोजनामा, म्हणजे कोर्टाची त्या-त्या तारखेच्या कामाची नोंद, बघा. त्या दिवशी प्रतिवादीही गैरहजर असेल, तर मुदत उरली असल्यास नवा दावा लावता येतो. तो किंवा त्याचा वकील हजर असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ९, नियम ९ प्रमाणे त्याच कारणासाठी नवा दावा लावता येत नाही. मग दावा पुन्हा फाइलवर घेण्याचा अर्ज, हीच वाट. त्याची मुदत ३० दिवस, आणि ती दावा काढून टाकल्याच्या तारखेपासून मोजतात, तुम्हाला कळलं तेव्हापासून नाही. आदेशाची नक्कल मिळायला लागलेले दिवस अपिलात वजा होतात, इथे होत नाहीत. तेव्हा नकलेसाठी अडून राहू नका.

मुदत तर गेलीच आहे. म्हणून सोबत मुदत कायद्याच्या कलम ५ खाली विलंब माफीचा अर्ज आणि प्रतिज्ञापत्र हवं. ‘वकिलांनी कळवलं नाही’ एवढ्यावर भागत नाही. वकिलाच्या चुकीची शिक्षा निर्दोष पक्षकाराला नको, असं सर्वोच्च न्यायालय १९८१ मध्ये म्हणालं खरं, पण सरसकट तसं होत नाही, हेही त्यानेच पुढे स्पष्ट केलं. तुम्ही पाठपुरावा करत होतात हे दिसलं पाहिजे: व्हॉट्सअॅपचे निरोप, फी पाठवल्याच्या नोंदी, फोनची यादी. गणपतीनंतर वाया गेलेल्या दिवसांचा जाब मात्र तुम्हालाच द्यावा लागेल. दाव्याचा सीएनआर नंबर (अक्षरं-अंक मिळून सोळा खुणांचा, प्रत्येक दाव्याचा वेगळा) टाकला की ई-कोर्ट्स अॅपवर तारीख दिसते. इतक्या वर्षांत एकदाही पाहिलं नाहीत, हे समोरचा वकील विचारणारच.

वकील बदलायला कोर्टाची परवानगी घ्या. फी बाकी आहे म्हणून जुन्या वकिलांना कागद अडवता येत नाहीत. त्यांच्याविरुद्ध तक्रार महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे, अधिवक्ता कायद्याच्या कलम ३५ खाली होते. ग्राहक आयोगाचं दार सर्वोच्च न्यायालयाच्या १४ मे २०२४ च्या निकालाने बंद झालं आहे.

दाव्यात शेजाऱ्याविरुद्ध तात्पुरती मनाई मिळाली असेल, तर दावा गेला तशी तीही गेली. शेजारी गडग्यावर नवे चिरे चढवत असेल, तर तारखेसह फोटो आजच काढून घ्या. दावा फाइलवर आला की आधीची मनाई सहसा पुन्हा लागू होते, पण कोर्टाकडून ते लगेच स्पष्ट करून घ्या.