बोद्रुमला समुद्राशिवाय पाहण्यासारखं काय आहे? दोन दिवस द्यावेत का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : तुर्कीत इस्तंबूल आणि कापादोक्या ठरलंय, मध्ये दोन दिवस उरतायत, ते बोद्रुमला घालवावेत की तिथे नुसते बीच आणि पब आहेत?

जरूर घालवा. फक्त जुलै-ऑगस्टमध्ये जाणार असाल तर फेरविचार करा. ऊन भाजून काढतं, दर आभाळाला भिडतात आणि बारच्या गल्लीतला धिंगाणा पहाटेपर्यंत चालतो. मे महिना किंवा सप्टेंबरअखेर उत्तम. कामानिमित्त इझमीरला राहत असताना मी बोद्रुमला जमेल तेव्हा जात असे, तेही मुख्यतः किल्ल्यासाठी.

बोद्रुम म्हणजे जुनं हॅलिकार्नासस, ग्रीक इतिहासकार हिरोडोटसचं जन्मगाव. इ. स. पूर्व चौथ्या शतकात इथे मॉसोलस राज्य करत होता. नावाला इराणी सम्राटाचा क्षत्रप, म्हणजे सुभेदार (आपल्या नाशिकच्या लेण्यांत ज्याचं नाव येतं त्या नहपानाची पदवीही हीच), प्रत्यक्षात राजाच. राणी आर्टेमिसिया त्याची सख्खी बहीण. त्या घराण्यात तशी रीत होती. इ. स. पूर्व ३५३ मध्ये तो वारला आणि त्याची कबर प्राचीन जगातल्या सात आश्चर्यांत जाऊन बसली. उंची सुमारे ४५ मीटर. खाली प्रचंड चौथरा, वर ३६ खांब, त्यावर पायऱ्यांचा पिरॅमिड आणि शिखरावर चार घोड्यांचा रथ.

आज तिथे गेलात तर एक मोठा खड्डा, खांबांचे तुकडे आणि थोडी गवत माजलेली जमीन दिसते. बरेच जण पाच मिनिटांत बाहेर पडतात आणि तिकिटाचे पैसे वाया गेले म्हणून कुरकुरतात. तरीही आधी इथेच जा आणि खड्ड्यातले हिरवट दगड नीट पाहून ठेवा. मग किल्ल्यावर जा.

झालं असं, की भूकंपांनी कबर आधीच ढासळली होती. १४०२ मध्ये तैमूरने सेंट जॉनच्या नाइट्सना, म्हणजे ख्रिस्ती लढवय्यांच्या एका पंथाला, स्मिर्नातून, म्हणजे आजच्या इझमीरमधून, हुसकावलं. त्यांनी इथे बंदराच्या तोंडावर नवा किल्ला बांधायला घेतला आणि तयार घडीव दगड जवळच पडलेला! पुढे शंभरेक वर्षं ते तो नेत राहिले. संगमरवर तर भट्टीत भाजून त्याचा चुना केला. आणि एवढं करून काय, तर ऑटोमन सुलतान सुलेमानने त्यांचं मुख्य ठाणं असलेलं ऱ्होड्स बेट जिंकल्यावर १५२३ मध्ये किल्ला तुर्कांच्या हवाली करावा लागला. उरलीसुरली शिल्पं एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश म्युझियमला गेली. म्हणजे हे आश्चर्य तीन ठिकाणी वाटलं गेलंय आणि त्यातली दोन बोद्रुममध्ये पायी फिरून बघता येतात. किल्ल्याच्या भिंतींत ते हिरवट, काटकोनात तासलेले चिरे बाकीच्या ओबडधोबड दगडांत लगेच ओळखू येतात. इंग्लिश बुरुजाच्या पश्चिम भिंतीत एक जुना दगडी सिंहही बसवलेला आहे.

किल्ल्यातच पाण्याखालच्या पुरातत्त्वाचं संग्रहालय आहे. माझ्या मते बोद्रुमला जाण्याचं खरं कारण हेच. १९८२ मध्ये तुर्कीच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या काश गावाजवळ, उलुबुरुनच्या समुद्रात स्पंज काढणाऱ्या एका पाणबुड्याला तळाशी ‘कान असलेली धातूची बिस्किटं’ दिसली. ते एका बुडालेल्या जहाजातले तांब्याचे ठोकळे निघाले, जवळपास दहा टन, आणि सोबत सुमारे एक टन कथील. तांबं आणि कथील साधारण दहास एक या प्रमाणात मिसळलं की कांसं होतं; हे जहाज तोच हिशेब घेऊन निघालं होतं. इ. स. पूर्व चौदाव्या शतकाच्या अखेरीस ते बुडालं. मालात गडद निळ्या काचेचे गोळे, हस्तिदंत आणि इजिप्तची राणी नेफर्तितीचं नाव कोरलेली सोन्याची छोटी मुद्राही होती. जहाज ४४ मीटरपेक्षा खोल होतं, तिथे प्रत्येक बुडीला मिनिटंच मिळतात. त्यामुळे सगळं वर काढायला २२ हजारांहून जास्त बुड्या लागल्या. हे सगळं मांडलेल्या दालनाला निदान तासभर द्या.

दुसरा दिवस मोकळा ठेवा. गावातला समुद्र सामान्यच आहे. डोल्मुश नावाच्या शेअर मिनीबसने गुमुश्लुकला जा. तिथे जुन्या मिंडोस शहराचे अवशेष पाण्यात दिसतात. शाकाहारी असाल तर चिंता नको : भोपळ्याच्या फुलांत भात भरून करतात तो पदार्थ आवर्जून मागा, फक्त आत खिमा नाही ना एवढं विचारून घ्या.

समोर दिसणारं कॉस बेट ग्रीसचं आहे. बोट तासाभरात पोचवते, पण शेंगेन व्हिसा लागतो. शिवाय तुमचा तुर्कीचा व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर परत येताना अडकाल. तेव्हा बोटीचं तिकीट काढण्याआधी तो तपासा.