बी नंतर, आधी बांध

बाय,
अनेक आशीर्वाद.

तुझा फोन आल्यापासून मन थाऱ्यावर नाही. खाजनात, म्हणजे बांध घालून भरतीच्या खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतात, कोणतं बी घालू, एवढंच विचारत राहिलीस. गोवा धान १ आणि २ या जाती जुन्या गोव्याच्या कृषी संशोधन संस्थेने आपल्या जुन्या खाजनी भातातून, कोरगुटातूनच निवडल्या आहेत. खार सोसतात, पीकही कोरगुटाहून बरं देतात. जरूर घाल. पण बी नंतर, आधी बांध.

मानस, म्हणजे बांधातलं पाण्याचं लाकडी दार, जवळून पाहिलीस का कधी? भरतीचं पाणी बाहेरून रेटतं आणि दार आपोआप मिटतं. ओहोटी लागली की आतलं पाणी तेच दार ढकलून नदीत जातं. ना वीज, ना माणूस. ती फळी कुजली, किंवा मासळीसाठी कुणी दारात लाकूड अडकवून ठेवलं, की सरद, म्हणजे पावसाळी शेती गेलीच म्हणून समज. शेत पडीक राहतं, तिवरं माजतात आणि मग ती तोडायची म्हटली तरी परवानग्यांच्या मागे धाव. आमच्या शेजारच्या वाड्याचं खाजन माझ्या डोळ्यांदेखत असं गेलं. अजून तिथून जाताना पोटात तुटतं.

शेतातलं पाणी मधूनमधून सुकवलं की मिथेन कमी होतो, हे तू वाचलंस ते खरंच आहे. गोड्या पाण्याच्या केर शेतात खुशाल कर. खाजनात नको गं! तिथे पावसाचं पाणी उभं असतं म्हणून खार खाली दबून राहतो. माती वाळली की तो वर चढतो. पुन्हा सांगतो, आधी बांध.

पूर्वी बांध कोमुनिदाद, म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणारी संस्था बघायची. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर ते काम कूळ संघांकडे आलं. सभेत मी बांधाचाच विषय काढायचो, तर लोक हेकट म्हणायचे. म्हणोत. खताच्या पोत्यांना रांग लागते, बांधाला चिखल लावायला कुणी फिरकत नाही. मी हेका धरला म्हणून आमच्या वाड्यात आज भात होतं. आता समुद्र चढतोय, पाऊस एकदम कोसळतोय. हा सगळा मार बांधच खाणार. तू बियाण्याच्या याद्या काय करत बसलीस?

अमावास्येच्या उधाणाला, ऐन भरतीत बांधावर जा. कुर्ल्यांच्या बिळांतून पाणी कुठे झिरपतं ते तेव्हाच दिसतं. तिथे काठ्या रोव आणि मला कळव. संघाच्या सभेला मी येतो तुझ्यासोबत.