न्यूयॉर्कच्या नाटकांत नव्या पिढीतली कोणती लॅटिना (लॅटिन अमेरिकन वंशाची) दिग्दर्शिका समीक्षकांना आवडतेय, आणि का?

माझं उत्तर एकच, लिलियाना ब्लेन-क्रूझ. घरात पोर्तो रिको आणि हैती दोन्हींचा वारसा, शिक्षण येलच्या ड्रामा स्कूलमधलं. आधी छोट्या थिएटर्समध्ये काम करून ओबी अवॉर्ड (ब्रॉडवेबाहेरच्या नाटकांसाठीचं) मिळवलं, पण मोठं नाव झालं ते 2022 मध्ये, न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरला तिनं अमेरिकन नाटककार थॉर्नटन वाइल्डरचं ‘द स्किन ऑफ अवर टीथ’ केलं तेव्हा. नाटक 1942 चं, हिमयुग, महापूर, युद्ध सगळ्यातून तगणारं एक कुटुंब, आणि हिनं ते कुटुंब कृष्णवर्णीय दाखवलं आणि घरात पाळलेले डायनासोर आणि मॅमथ म्हणून अक्षरशः अवाढव्य पपेट्स स्टेजवर आणले, म्हणजे एवढं जुनं, करायला अवघड नाटक एकदम आजचं वाटायला लागलं. त्यासाठी बेस्ट डिरेक्शनचं टोनी (ब्रॉडवेच्या नाटकांचं सगळ्यात मोठं अवॉर्ड) नॉमिनेशन मिळालं. अवॉर्ड सॅम मेंडीसला गेलं, तरी याच नाटकाच्या कॉस्च्यूम्सना टोनी मिळालंच.

मला तिचं सगळ्यात काय भावतं तर भव्यतेला न घाबरणं! बाईनं दिग्दर्शन करायचं म्हणजे छोटं, घरगुती, नाजूक काहीतरी, ही समजूत आपल्याकडेही आहेच की. हिनं 2024 मध्ये थेट न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात संगीतकार जॉन अ‍ॅडम्सचं ‘एल नीनो’ केलं, येशूच्या जन्माची गोष्ट, आणि त्यात मेक्सिकोची कवयित्री रोसारियो कास्तेयानोस हिच्या स्पॅनिश कविता गायल्या जातात.

तिचं काही बघायला मिळालं तर सोडू नका.