स्लाइड एकाची, बेल दुसऱ्याची: ट्रॉम्बोनवादकांची प्रश्नोत्तरे

गड्ड्याची यात्रा उरकली की लग्नसराईआधी सोलापुरातली बँडपथकं वाद्यं दुरुस्तीला काढतात. त्यामुळे या वेळी बहुतेक प्रश्न जोडाजोडीचेच आले आहेत: एका ट्रॉम्बोनची स्लाइड, म्हणजे मागेपुढे सरकवायची नळी, दुसऱ्याच्या बेलला, म्हणजे पसरट तोंडाच्या भागाला, लावण्याचे.

माझ्या यामाहा 354 ट्रॉम्बोनची बेल मिरवणुकीत चेपली, स्लाइड मात्र उत्तम आहे. मित्राकडे कॉन कंपनीच्या जुन्या ट्रॉम्बोनची बेल पडून आहे. ती बसेल का? (साखर पेठ)

नुसती आत जाते म्हणजे बसली, असं धरू नका. स्लाइडचं टोक निमुळतं असतं आणि ते ज्यात शिरतं ती बेलकडची सॉकेटही निमुळती असते. हा उतार, म्हणजे टेपर, कंपनीगणिक वेगळा असू शकतो. जुन्या कॉनचा आणि बाख कंपनीचाही एकमेकांशी जुळत नाही, आणि बेल-स्लाइड आवळून धरणाऱ्या नटाचे आटेही वेगळे असतात.

घरी तपासायचं तर स्लाइडचं टोक स्वच्छ पुसा आणि त्यावर काजळाचा अगदी पातळ हात फिरवा. बेल हलक्या हाताने बसवा, किंचित फिरवा, काढा. काजळ सगळीकडून सारखं पुसलं गेलं असेल तर टेपर जुळला. फक्त पुढच्या कडेला किंवा फक्त मागे एक कडं पुसलेलं दिसलं, तर बेल तेवढ्याच कड्यावर टेकली आहे. तिथून हवा निसटते, हळू वाजवताना सूर उमटत नाही आणि वरचे सूर डळमळतात. जोर लावून ठोकू नका, कानस तर मुळीच लावू नका.

टेपर जुळला नाही तरी मार्ग आहे. चेपलेल्या बेलची सॉकेट डाक उकलून काढायची आणि कॉनच्या बेलला झाळायची. नळीची जाडी जुळत असेल तर चांगला कारागीर हे काम करतो. पण त्याआधी तुमची बेल त्याला एकदा दाखवा. पसरट तोंडाकडचा पोचा सहसा निघतो आणि आवाजाला त्याची फारशी बाधाही होत नाही. मानेजवळच्या अरुंद नळीतला पोचा मात्र सुराला नडतो. माझं मत विचाराल, तर चांगल्या स्लाइडसोबत तिची मूळची बेल वाचवण्यावर आधी पैसे घाला.

आवाज मोठा व्हावा म्हणून माझ्या लहान ट्रॉम्बोनला बाख 42 या मोठ्या ट्रॉम्बोनची स्लाइड लावू का? (बार्शी)

लावू नका. लहान ट्रॉम्बोनच्या स्लाइडचा बोअर, म्हणजे नळीचा आतला व्यास, साधारण 12.7 मिमी, बाख 42 चा 13.89 मिमी. तोंडाकडून बेलकडे जाताना वाट रुंद होत जायला हवी. लहान स्लाइडमधून थोड्या मोठ्या नळीत जाणं चालतं. काही कंपन्या तर स्लाइडची खालची, बेलकडची नळी मुद्दाम वरच्यापेक्षा मोठी ठेवतात. उलट केलं की मोठ्या नळीतून आलेली हवा लहान नळीच्या कडेवर आपटते, आवाज कोंडतो आणि सूर सरकतात. शिवाय 42 ला जाड दांडीचा माउथपीस लागतो. तुमचा बारीक दांडीचा त्यात खोलवर शिरून डुगडुगेल. एवढं करून आवाज वाढणार नाही, फक्त दम जास्त लागेल, आणि तो मिरवणुकीत तासन्‌तास पुरवायचा आहे.

एका स्लाइडची आतली नळी आणि दुसरीची बाहेरची जोडली तर? (अक्कलकोट)

एकाच मॉडेलच्या असल्या तरी नको. आतल्या नळ्यांची टोकं किंचित जाड केलेली असतात, तेवढीच बाहेरच्या नळीला जवळून घासतात. मधली फट केसाहूनही कमी. त्यात वरच्या-खालच्या दोन्ही नळ्यांमधलं अंतर आणि त्यांचा समांतरपणा जुळायला हवा. जरा फरक पडला की स्लाइड खरखरते आणि घासून कायमची खराब होते. आतली आणि बाहेरची नळी जोडीनेच विकत घ्या आणि जोडीनेच विका.

नटाचे आटे बसत नाहीत. टेफ्लॉन टेप गुंडाळली तर चालेल? (भवानी पेठ)

नाही. टेपमुळे जोड नीट टेकत नाही आणि वाजवताना बेल गळून पडू शकते. जुळता नट बसवून घ्या.

आजोबांच्या काळातला ब्रिटिश ट्रॉम्बोन आहे. त्याच्या स्लाइडला नवी बेल लावली, पण कीबोर्डशी सूर लागत नाही. (पंढरपूर)

ती स्लाइड बहुधा चढ्या पट्टीची आहे. 1960 च्या दशकापर्यंत ब्रिटिश ब्रास बँड 'ए' सूर 452 हर्ट्‌झच्या आसपास लावत, तुमचा कीबोर्ड 440 वर आहे. हा फरक जवळजवळ पाव स्वराचा. सुमारे पावणेतीन मीटर नळीच्या वाद्यात तो भरून काढायला साडेसात सेंटिमीटर नळी वाढवावी लागते, म्हणजे ट्यूनिंग स्लाइड, बेलकडची सूर जुळवायची वाकडी नळी, जवळजवळ चार सेंटिमीटर बाहेर ओढायची. तुमची बेल नवी असल्याने कदाचित कमीत भागेल. तेवढी ओढूनही ट्यूनिंग स्लाइडची पुरेशी नळी आत राहते का, हे आधी बघा. मग सातवी पोझिशन, म्हणजे स्लाइड सगळ्यात लांब सरकवायची जागा, लावा. नळी लांबली की सगळ्या पोझिशनमधली अंतरंही वाढतात, आणि जुनी स्लाइड आखूड असल्याने शेवटचा सूर अगदी टोकावर येतो.

पट्टी चढी असेल तर नळी वाढवता येते. उतरलेली असेल तर कापावीच लागते, म्हणून सौदा करण्यापूर्वी ट्यूनर घेऊन वाजवून बघा. आणि ट्यूनिंग स्लाइडला दोन्हीकडे थोडी जागा शिल्लक हवीच. आपल्याकडे एप्रिल-मेच्या उन्हात वरात निघाली की सूर आणखी चढतो. ट्यूनिंग स्लाइड आधीच टोकापर्यंत ओढलेली असेल, तर तेव्हा तो उतरवायला काहीच उरत नाही.