सीमा-अटींचं समीकरण सोडवताना सॉल्व्हरला सुरुवातीचा अंदाज कसा द्यावा?

तुमचं समीकरण य″ + क²य = ०, क अज्ञात, दोन्ही टोकांना य शून्य आणि डाव्या टोकाला उतार १. सायपायला (पायथनमधली गणिती आकडेमोडीची लायब्ररी) सगळीकडे य = ० हा अंदाज दिलात आणि 'सिंग्युलर जेकोबियन' असा निरोप आला. येणारच होता! जेकोबियन म्हणजे प्रत्येक अज्ञात थोडं हलवलं की समीकरणं किती बदलतात हे सांगणारा तक्ता; तो सिंग्युलर असला की त्याचा व्यस्त काढता येत नाही. य शून्य असताना क कितीही हलवा, समीकरणात काही फरक पडत नाही, म्हणजे जेकोबियनमधला क चा स्तंभच शून्य. त्याच तक्त्यावरून पुढचा अंदाज काढणाऱ्या न्यूटनच्या पद्धतीने जायचं तरी कुठे?

शून्याऐवजी ढोबळ आकार द्या. ० ते १ या अंतरात आधी वर, मग खाली जाणारा य आणि क साठी ६ दिलात, तर क = २π, म्हणजे ६.२८ मिळेल. एकच फुगवटा आणि ३ दिलात तर π. अंदाज आकड्यांनी जवळ असण्यापेक्षा उकल किती वेळा शून्य ओलांडते हे जुळणं इथे जास्त महत्त्वाचं.

अंदाजावर कोणती उकल हाती लागेल हेही ठरतं, आणि याकडे फार कमी लोक लक्ष देतात. ब्राटूचं समीकरण घ्या: य″ अधिक λ गुणिले ई चा य-घात बरोबर शून्य, ० आणि १ ला य शून्य. λ = १ असताना दोन उकली आहेत, एकीचा माथा ०.१४, दुसरीचा ४.०९. सगळीकडे ० दिलं की पहिली येते, ३ दिलं की दुसरी. सॉल्व्हर दोन्ही वेळा 'यशस्वी' म्हणतो. तुम्हाला कोणती हवी होती हे त्याला काय माहीत?

आकारच सुचत नसेल तर सोप्या प्रश्नापासून चालत या. λ अगदी लहान घेऊन सोडवा, ती उकल पुढच्या λ साठी अंदाज म्हणून द्या. मी बहुतेक वेळा हेच करतो. मध्येच अडलं तर पाऊल अर्धं करा. पावलं लहान करूनही त्याच आकड्यापाशी अडत असेल, तर अंदाजाला दोष देऊ नका: ब्राटूत λ साधारण ३.५१ च्या पुढे गेला की उकलच नसते.

शूटिंग पद्धत (डाव्या टोकाचा उतार अंदाजाने धरून उजव्या टोकापर्यंत सोडवत जाणं) वापरणार असाल तर जपून. ० ते १ या अंतरात य″ = १००य मध्ये डाव्या टोकाच्या उतारातली चूक उजव्या टोकाला सुमारे ११०० पट होऊन पोचते. तिथे उतार घासूनपुसून नेमका करत बसण्यापेक्षा अंतराचे तुकडे पाडा आणि प्रत्येक तुकड्याला वेगळा अंदाज द्या.