'सुतोकु-इन' मधलं 'इन' म्हणजे काय?

प्रश्न असा आलाय की जपानच्या बाराव्या शतकातल्या या सम्राटाला कुठे 'सुतोकु तेन्नो' म्हणतात आणि कुठे 'सुतोकु-इन', तर हे इन त्याचं आडनाव का? नाही हो, तिथल्या राजघराण्याला आडनावच नाही. तेन्नो म्हणजे सम्राट, आणि इन म्हणजे चक्क वाडा. गादी सोडलेला सम्राट जिथे राहायचा ते इन, आणि मग त्यालाही इनच म्हणायला लागले, आपल्याकडे 'वाड्यावरून निरोप आलाय' म्हणतात ना तसंच. आणि हे नुसते पेन्शनर नव्हते हां, १०८६ साली सम्राट शिराकावाने गादी सोडली आणि कारभार मात्र इनमध्ये बसून स्वतःच हाकला, त्याला इनसेइ म्हणतात.

सुतोकुची गोची अशी की तो नावाचाच इन, कारभार हातात नाही. जन्म १११९ चा, कागदोपत्री बाप सम्राट तोबा, पण कुजबुज अशी की खरा बाप शिराकावा, म्हणजे तोबाचा आजोबा! म्हणून तोबा म्हणे पोराला 'ओजिगो' म्हणायचा, ओजि म्हणजे काका आणि को म्हणजे मूल (जोडशब्दात को चा गो होतो), काय विखारी शब्द आहे बघा. तोबानेच त्याला ११४१ त गादीवरून उतरवलं, ११५६ त तोबा मेला, लगेच सत्तेसाठी लढाई झाली, तिला होगेनची लढाई म्हणतात, सुतोकु हरला आणि शिकोकू बेटावरच्या सानुकी प्रांतात हद्दपार झाला, ११६४ त तिथेच गेला.

म्हणजे जिवंतपणी 'सुतोकु' हे नाव त्याने ऐकलंच नाही, लोक म्हणायचे सानुकी-इन. दंतकथा सांगते की त्याने हाताने बौद्ध सूत्रं लिहून क्योतोला पाठवली, दरबाराने शापाच्या भीतीने ती परत केली, मग याने जीभ चावून रक्ताने शपथ लिहिली की मी या देशाचा महाराक्षस होईन, केस-नखं वाढवली आणि जिवंतपणीच तेंगू, म्हणजे जपानी लोककथांमधला राक्षस, झाला. ११७७ त क्योतोला प्रचंड आग लागली, राजवाड्याचं मुख्य सभागृहसुद्धा जळलं, आणि त्याच वर्षी दरबाराने घाईघाईने त्याला 'सुतोकु-इन' हे नाव बहाल केलं. यातला तोकु म्हणजे सद्गुण, भुताला लोणी लावायचा प्रकार सरळसरळ.

१९२५ मध्ये सरकारने सगळ्या जुन्या इनांचे अधिकृतपणे तेन्नो केले, म्हणून दोन्ही रूपं दिसतात. इतिहासावर लिहिताना सुतोकु तेन्नो लिहा, 'ह्याकुनिन इश्शू' या शंभर कवींच्या एकेका कवितेच्या जुन्या संग्रहातल्या त्याच्या ७७ व्या कवितेखाली मात्र सुतोकु-इनच छापतात.